कातणे, कॉटन आणि आल्गोदोन: नातं की नुसतं साम्य?

नमस्कार सर,

तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं. मराठी भाषा गौरव दिनाला, म्हणजे २७ फेब्रुवारीला, धरणगाव तालुक्यातल्या तुमच्या शाळेत तुमचं भाषण आहे. व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय की इंग्रजी 'कॉटन', फ्रेंच 'कोतों' आणि स्पॅनिश 'आल्गोदोन' हे तिन्ही शब्द आपल्या 'कातणे'वरून गेले. ते खरं धरून बोलू का? शिवाय दोन शंका: स्पॅनिशलाच पुढे 'आल' कुठून चिकटलं, आणि रोमानियन ही लॅटिनचीच लेक असताना तिच्याकडे 'बुम्बाक' असा भलताच शब्द कसा?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. तसं बोलू नका. मात्र त्या मजकुरामागे जो अभिमान आहे, की कापूस आपला आणि त्याचं नावही आपल्याकडून जगात गेलं, तो फुकाचा नाही. नाव गेलं, लांबवर गेलं. फक्त ते 'कातणे' नव्हतं, आणि मजकूर लिहिणाऱ्याने ज्या शब्दांत ते शोधलं त्या शब्दांत ते सापडत नाही. तेव्हा खरा प्रश्न कापसाचा नाहीच. दोन शब्द कानाला सारखे लागले तर ते एका घरातले आहेत की योगायोगाने तोंडवळा जुळलाय, हे ओळखायचं कसं, हा प्रश्न आहे.

यात किती काटेकोर राहायचं ते प्रसंगावर आहे. पाचवीच्या पोरांपुढे दहा मिनिटं बोलायचं असेल तर थोडी मोकळीक घेतली तरी चालतं. पण भाषण शाळेच्या अंकात छापून येणार असेल, किंवा दहावीची मुलं तुमचं वाक्य उचलून निबंधात घालणार असतील, तर प्रत्येक वाक्याला आधार हवा. मी हे दुसरं धरूनच लिहितोय.

माझं काम जळगावात बसून स्पॅनिश-पोर्तुगीज कागदपत्रं भाषांतरित करण्याचं. त्यात जिनिंग, सूतगिरण्या, यंत्रसामग्री यांचे करार बरेच. ब्राझीलकडच्या कागदांत 'आल्गोदाँव एं कारोसु' आणि 'आल्गोदाँव एं प्लुमा' असे दोन प्रकार येतात. शब्दशः पाहिलं तर पहिला 'बियांसकटचा कापूस', दुसरा 'पिसातला कापूस'. शब्दकोश उघडून दोन्हीकडे 'कापूस' लिहिलं की करार गेलाच म्हणून समजा. आपल्याकडे पहिला तेवढा कापूस, दुसरी रुई. एक क्विंटल कापूस जिनिंगमधून काढला तर रुई पडते साधारण ३३ ते ३६ किलो, बाकी सरकी आणि थोडी घट. खेडा खरेदीवाला भाव सांगतो तो क्विंटलवर, मिलवाला रुई घेतो ती खंडीवर. खंडी म्हणजे सुमारे ३५६ किलो, गठाण १७० किलोची. शेतात उभी असते ती कपाशी, वेचून घरात आला तो कापूस, मागे रानात राहिली ती पऱ्हाटी, दुकानातून अंगावर आलं ते 'कॉटन'. स्पॅनिश माणूस यातल्या बहुतेक सगळ्याला 'आल्गोदोन' म्हणून मोकळा होतो. जत्रेतल्या म्हातारीच्या केसांनासुद्धा तो 'साखरेचं आल्गोदोन' म्हणतो.

हे एवढं लांबण लावलं कारण शब्दाचं मूळ शोधतानाही माझी पद्धत हीच असते. आधी माल पाहतो. तो कुठून निघाला, कोणाच्या हातातून गेला, कोणत्या बंदरात उतरला. मग जुन्यात जुना लिखित उल्लेख. उच्चाराचं साम्य सगळ्यात शेवटी, कारण साम्य फार स्वस्त असतं. 'कात्री' आणि इंग्रजी 'कट' घ्या. कात्री आली संस्कृत 'कर्तरी'वरून, आणि इंग्रजी 'कट'चा तिच्याशी संबंध नाही. अर्थ जवळचा, आवाज जवळचा, नातं शून्य.

आता आपल्या शब्दाकडे. संस्कृतात 'कर्पास', त्यावरून 'कार्पास'. मनुस्मृतीत दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचं जानवं 'कार्पास' असावं असं म्हटलंय, म्हणजे सुती. ऋग्वेदात मात्र हा शब्द नाही, आणि तो संस्कृतात मुळात ऑस्ट्रो-आशियाई कुळातून, म्हणजे संताळी-मुंडारी ज्यात येतात त्या भाषांच्या कुळातून, आला असावा असं काही अभ्यासक मानतात. कापूस स्वतः त्याहून कितीतरी जुना: बलुचिस्तानातल्या मेहरगढला तांब्याच्या मण्यात अडकलेले सुताचे धागे सापडले, ते इसवी सनपूर्व सहाव्या सहस्रकातले धरतात. पालीत 'कर्पास'चा 'कप्पास' झाला आणि मराठीत 'कापूस'. हा बदल नियमाने होतो. सर्प-सप्प-साप, कर्ण-कण्ण-कान, पर्ण-पण्ण-पान, तसाच कर्पास-कप्पास-कापूस. हे वर्गात फळ्यावर लिहा, मुलं स्वतःहून आणखी जोड्या सांगतील. आणि कुणी म्हणालं की 'कापतात म्हणून कापूस', तर त्याला शेतावर न्या. कापूस कुणी कापत नाही, वेचतात. अहिराणी घरातल्या पोराला 'कापूस येचाले चाल' म्हणालं की वेगळं समजवायला लागत नाही.

'कातणे'चं मूळ निराळं. संस्कृतात 'कृत्' असे दोन धातू आहेत, एक कापण्याचा, दुसरा सूत काढण्याचा. या दुसऱ्यावरून प्राकृतातून आपलं 'कातणे' आलं. आता व्हॉट्सॲपवाल्याच्या बाजूने जेवढं बोलता येईल तेवढं बोलतो. प्राकृतात 'र' गळून 'कत्त' असा उच्चार झालेला होता, त्यामुळे 'संस्कृतातला र मग कुठे गेला' असं विचारून हा दावा उडवून लावता येत नाही. काही जण तसं करतात, ते घाईचं आहे. अडचण दुसरीकडे आहे. 'कॉटन' हा ज्या शब्दावरून आला त्याचा अर्थ कातणं असा कधीच नव्हता, तो वस्तूचंच नाव होता. आणि आपल्याकडून जहाजावर चढलेल्या त्या वस्तूचं नाव 'कत्तण' होतं असा एकही उल्लेख नाही. उल्लेख आहे तो 'कर्पास'चा. परदेशी व्यापारी पोत्यावरचं नाव उचलतो, घरात बसून बायका चरख्यावर जे काम करतात त्याचं क्रियापद उचलून नेत नाही.

मग 'कॉटन' आला कुठून? अरबीतून. अरबीत कापसाला 'कुत्न' म्हणतात, त्यातले 'क' आणि 'त' घशातून दाबून काढायचे. अरबीतच 'कत्तान' असा दुसरा शब्द आहे, त्याचा अर्थ जवस, म्हणजे ज्याचं लिनन होतं ते झाड. त्यातले 'क' आणि 'त' साधे. देवनागरीत लिहिले की दोन्ही भाऊ-भाऊ दिसतात, अरबाच्या कानाला ती दोन वेगळी अक्षरं. याच 'कुत्न'वरून रेशीम-सुताच्या मिश्र कापडाला 'कुतनी' नाव पडलं, ते मोगल काळातल्या कापडव्यवहारात चालत होतं. तुर्कस्तानात गाझियानतेपला असं कापड 'कुत्नू' नावाने आजही विणतात.

कापसाचं पीक आणि त्याचा व्यापार भूमध्य समुद्राच्या पश्चिमेला नेला तो अरबांनी, आणि तुमच्या 'आल'चं उत्तर यातच आहे. 'अल' हे अरबीतलं नामाला लागणारं उपपद, इंग्रजीतल्या 'द'सारखं. स्पेन-पोर्तुगालच्या भूमीवर ७११ पासून १४९२ पर्यंत कुठे ना कुठे अरबी बोलणारी सत्ता होती. तिथल्या लोकांनी हे शब्द शेजारपाजारी, बाजारात, शेतात रोज ऐकले, आणि उपपद शब्दाचाच भाग समजून उचललं. स्पेनमधल्या अरबीत उच्चार 'अल-कुतुन' असा, शेवटी जोर देऊन होत असे. त्याचं स्पॅनिश 'आल्गोदोन', पोर्तुगीज 'आल्गोदाँव'. इटालियन 'कोतोने' आणि फ्रेंच 'कोतों' यांना मात्र 'अल' नाही. तिकडे शब्द सिसिलीमार्फत, आणि सीरिया-इजिप्तशी व्यापार करणाऱ्या जेनोवा-व्हेनिससारख्या बंदरांमार्फत आला, मालाबरोबर, सुटा. फ्रेंचने तो बहुधा इटालियनकडून घेतला, इंग्रजीने फ्रेंचकडून.

हा फरक एकट्या कापसाचा नाही, म्हणून तो पक्का धरता येतो. साखर पाहा: स्पॅनिश 'आसुकार', पण इटालियन 'झुक्केरो' आणि फ्रेंच 'स्युक्र'. जकातीचं नाकं पाहा: स्पॅनिश 'आदुआना', इटालियन 'दोगाना', फ्रेंच 'दुआन'. पुढचा 'आ' फक्त स्पॅनिशला. तुम्ही विचाराल, इथे 'आल' का नाही, नुसता 'आ' का? कारण अरबीत स, द, र, न अशा अक्षरांपुढे 'अल'मधला 'ल' त्या अक्षरात विरघळतो. अल-सुक्कर हे 'अस्सुक्कर' होतं, अल-दीवान हे 'अद्दीवान'. 'क'पुढे तो तसाच राहतो, म्हणून आल्गोदोनमध्ये 'ल' शाबूत. आणि हो, त्या 'आदुआना'तला दीवान म्हणजे आपला दिवाण, दिवाणजी, दिवाणी कोर्ट यातलाच. स्पेनच्या विमानतळावर 'आदुआना'ची पाटी दिसली की माझ्या डोळ्यांपुढे हटकून दिवाणी कोर्टाची पायरी येते.

साखरेचं नाव मी मुद्दाम काढलं. संस्कृत 'शर्करा', तिथून फारसी 'शकर', अरबी 'सुक्कर', आणि मग आसुकार, झुक्केरो, स्युक्र, इंग्रजी 'शुगर'. भारतातून निघून थेट रोमान्स, म्हणजे लॅटिनमधून निघालेल्या, भाषांच्या स्वयंपाकघरात बसलेला शब्द तुम्हाला हवा असेल तर हा घ्या. प्रत्येक टप्प्याला पुरावा आहे.

आता 'कर्पास' कुठे कुठे गेला ते सांगतो, कारण भाषणाचं खरं भांडवल तेच. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक भाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली, 'पेरिप्लस' म्हणून ती ओळखली जाते. त्यात भडोचच्या मुलखात गहू, तांदूळ, तिळाचं तेल, तूप यांच्याबरोबर 'कार्पासोस' पिकतो आणि त्याचं कापड होतं असं लिहिलंय. पैठण आणि तेरहून गाड्यांवर माल लादून अवघड वाटांनी भडोचला आणतात, हेही त्यात आहे. नंदुरबार-नवापूरवरून खाली उतरलं की सुरत-भडोचचाच मुलूख लागतो, तेव्हा खान्देशातल्या मुलांना हे नकाशावर दाखवायला काहीच कष्ट नाहीत. ग्रीकमधून लॅटिनमध्ये तो 'कार्बासुस' झाला. पण तिथे अर्थ घसरला: तलम लिननचं कापड, आणि कवितेत तर चक्क जहाजाचं शीड. रोमन कवी व्हर्जिलच्या काव्यात वाऱ्याला हाक मारणारं शीड आहे ते 'कार्बासुस'च. हिब्रू बायबलमध्ये एस्तेरच्या पुस्तकात इराणी राजवाड्यातल्या पडद्यांचं वर्णन करताना 'कर्पास' शब्द आहे. फारसीत 'करबास' म्हणजे जाडंभरडं सुती कापड. पूर्वेला मलय आणि इंडोनेशियन भाषेत कापसाला आजही 'कापास' म्हणतात. इथे एक गंमत बघा: ग्रीक, लॅटिन, हिब्रू, फारसीत 'र' आहे, मलयमध्ये नाही. पश्चिमेला गेलेलं रूप 'र' जिवंत असतानाचं, पूर्वेला गेलेलं 'कप्पास'च्या वळणाचं. शब्दाच्या अंगावर त्याच्या प्रवासाचा शिक्का असतो तो असा.

म्हणजे लॅटिनपर्यंत आपला शब्द पोचला होता. पण लॅटिनच्या लेकींनी रोजच्या वापराला आईच्या पेटीतलं 'कार्बासुस' घेतलंच नाही. शेजारच्या अरबाकडून नवं नाव घेतलं, कारण माल त्याच्याकडून येत होता.

रोमानियनचं उत्तरही असंच मालाच्या वाटेत आहे. रोमानिया अरबी भूमध्यापासून दूर, बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, आणि पुढे तुर्की व्यापाराच्या टापूत. तिकडे चालणारं घराणं फारसी 'पंबे'चं. मध्ययुगीन ग्रीकमध्ये त्याचं 'बांबाकी' झालं, तुर्की, बल्गेरियन, सर्बियनमध्ये 'पामुक', हंगेरियनमध्ये 'पामुत', पार पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिलीत 'पांबा'. रोमानियन 'बुम्बाक' याच घरातला. तुर्कस्तानातल्या पामुक्कलेचे पांढरेशुभ्र चुनखडीचे थर फोटोत पाहिले असतील, त्या नावाचा अर्थ कापसाचा किल्ला. खुद्द इटालियनमध्येही 'कोतोने'च्या जोडीला 'बांबाज्या' हा शब्द आहे, पिंजलेल्या कापसासाठी. लाडावलेल्या पोराला 'बांबाज्यात ठेवलंय' म्हणतात, आपण तळहातावरच्या फोडासारखं जपतो म्हणतो तसं. याच घराण्यातला शब्द रशियात गेला आणि 'बुमागा' झाला, पण तिथे त्याचा मुख्य अर्थ झाला कागद. या घराण्यात युरोपात आणखी एक घोळ झाला. ग्रीकमध्ये रेशमाला 'बोंबिक्स' म्हणत, ते आणि कापसाचं 'बांबाक' एकमेकांत मिसळले. म्हणून शास्त्रीय नावांत रेशमाचा किडा 'बॉम्बिक्स मोरी' आणि आपली सातपुड्यातली काटेसावर 'बॉम्बॅक्स सेइबा'. सावरीचा कापूस उशीत भरणाऱ्यांना यातलं दुसरं नाव पटेल.

जर्मन 'बाउमवोले' किंवा स्वीडिश 'बोमुल' म्हणजे झाडाची लोकर. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इसवी सनपूर्व पाचव्या शतकात लिहून ठेवलं होतं की हिंदुस्थानात झाडांना लोकर लागते आणि ती मेंढीच्या लोकरीहून सरस असते. जर्मन-स्वीडिशकडे आपला शब्द पोचला नव्हता, नुसती बातमी पोचली होती.

'कॉटन' हा शब्द आपल्याकडे आला तो इंग्रजी राज्यात, अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना आणि मुंबई इलाख्याच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या काळात तर जोरात. मुंबईचं कॉटन ग्रीन स्टेशन त्याच व्यापाराची आठवण. उलट दिशेने आपलाही एक शब्द गेला, आणि तो तुमच्या भाषणात यायलाच हवा. रुईचे भाव इंग्रजीत आजही 'कँडी'वर निघतात. ती कँडी म्हणजे आपली खंडी. हा शब्द मराठीतून आणि दक्षिणेतल्या भाषांतून युरोपीय व्यापाऱ्यांनी उचलला. चघळायच्या कँडीशी त्याची गल्लत करू नका. ती 'खांड' साखरेची, फारसी-अरबी-फ्रेंच असा वेगळा प्रवास करून आलेली.

तर भाषणात बिनधास्त बोलता येईल ते इतकं: कर्पास हा शब्द आपल्याकडून ग्रीक-लॅटिनपर्यंत गेला. कॉटन, कोतों, आल्गोदोन अरबी 'कुत्न'चे. साखर आणि खंडी हे आपल्या बाजूने गेलेले पक्के शब्द. 'कातणे'चा दावा गाळा. कुणी पालक उठून म्हणालेच की 'आम्ही तर तसं वाचलंय', तर वाद घालू नका. 'कत्तण' हे नाव कापसाला कुठल्या जुन्या कागदात वापरलंय तेवढं दाखवा, असं विचारा.

आणि 'आल्गोदोन' म्हणताना जोर शेवटच्या 'दोन'वर द्या. आपली मुलं पहिल्या 'आल'वर देतात. तालमीत एकदा म्हणून घेतलंत की बसेल.